उद्यानातील पक्षी: वसंतातील ये-जा आणि वीण – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान महाराष्ट्राच्या सपाटीवरील शहरी उद्यानांसाठी आहे. फिरायला येणारे, छायाचित्रे काढणारे, माळीकाम करणारे आणि देखभालीचे निर्णय घेणारे, सगळ्यांच्या शंका इथे एकत्र घेतल्या आहेत.

पक्ष्यांचा विणीचा हंगाम नेमका कधी असतो?

सर्व पक्ष्यांचा मिळून एकच हंगाम नसतो. उद्यानांमध्ये घरट्यांचे जे नुकसान होते, त्यातले बरेचसे ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळेच होते. आपल्याकडे वीण अन्नाच्या वेळापत्रकावर चालते. पिल्लांना जे अन्न लागते ते मुबलक असेल त्याच दिवसांत पिल्ले अंड्यातून बाहेर यावीत, अशा बेताने प्रत्येक जातीची सुरुवात होते.

पिंगळा आणि घार हिवाळ्यातच घरट्याला लागतात. पोपट जानेवारी-फेब्रुवारीत ढोली धरून बसतात. पळस, पांगारा, काटेसावर फुलू लागली की शिंजीर आणि फुलटोच्या यांची लगबग सुरू होते. मार्च ते जून हा सर्वांत गजबजलेला काळ. बुलबुल, दयाळ, तांबट, साळुंकी, कोतवाल, नाचण, हळद्या, राखी धनेश, वेडा राघू, टिटवी, कावळा हे सगळे याच दिवसांत. पाऊस सुरू झाल्यावर सुगरण, मुनिया, राखी वटवट्या, टिबुकली आणि पाणकोंबडी यांची पाळी येते. सुगरणीच्या नराला विणण्यासाठी हिरव्या, लवचिक पात्या लागतात आणि त्या गवत वाढल्यावरच मिळतात. मुनियांचा गवताच्या बियांवर भर असतो, टिबुकलीला साचलेले पाणी हवे असते. होले आणि पारवे मात्र जवळजवळ बारा महिने अंडी घालतात.

म्हणजे जानेवारी ते सप्टेंबर या काळात उद्यानात कुठे ना कुठे अंडी किंवा पिल्ले असतातच. त्यातल्या त्यात मोकळे महिने ऑक्टोबर ते डिसेंबर. देखभालीची मोठी कामे तेव्हाच व्हायला हवीत. पुढे छाटणीच्या प्रश्नात हे सविस्तर आले आहे.

वसंतात कोण येते आणि कोण जाते?

आपल्या वसंतात येणाऱ्यांपेक्षा जाणारे जास्त असतात. हिवाळ्यात हिरवळीवर शेपटी नाचवत फिरणारे पांढरे आणि करडे धोबी, भिंतीच्या कडेला दिसणारा थिरथिरा, झाडांच्या सावलीत माश्या टिपणारी लिटकुरी आणि पानांत सतत हालचाल करणारे छोटे पर्ण वटवटे मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेकडे निघून जातात. भोरड्यांचे थवे पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर तुटून पडतात आणि एप्रिल संपता संपता दिसेनासे होतात. त्या मध्य आशियात वीण उरकून जुलै-ऑगस्टमध्ये परततात.

येणाऱ्यांत लक्ष ठेवावे असे दोघे. नवरंग मे महिन्यात, पावसाच्या थोडा आधी येतो. तो रात्रीचा प्रवास करतो, त्यामुळे पहाटे अनपेक्षित जागी, अगदी इमारतीच्या जिन्यातही उतरलेला सापडतो. चातक मेअखेर ते जूनमध्ये आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतो. तुमच्या उद्यानातला पहिला चातक कोणत्या तारखेला दिसला याची नोंद दरवर्षी ठेवण्यासारखी आहे.

काही पक्षी आल्यासारखे वाटतात, पण ते इथेच असतात. पावशा मार्चपासून ‘पेरते व्हा’ अशी आरोळी देऊ लागतो, एरवी तो गप्प असल्याने कळत नाही. जांभळ्या शिंजिराचा नर वीण संपल्यावर मादीसारखा फिका होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळसर पट्टा उरतो. वीण जवळ आली की तो पुन्हा चकचकीत निळा-जांभळा दिसतो. गायबगळ्याच्या डोक्या-मानेवर नारिंगी रंग चढतो आणि ढोकरीची पाठ गडद तांबूस होते. ‘नवीन पक्षी आला’ असे सांगणाऱ्यांनी पाहिलेला पक्षी बरेचदा यांपैकीच एक असतो.

कोकिळेचे पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढते हे खरे आहे का? कावळ्याला कळत नाही का?

खरे आहे. गाणारा काळा पक्षी नर. मादी तपकिरी, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची असते. नर घरट्याजवळ ओरडून कावळ्यांना अंगावर घेतो आणि तेवढ्यात मादी अंडे घालते, असे अनेकदा पाहायला मिळते. कोकिळेचे अंडे कावळ्याच्या अंड्याहून लहान असते, पण हिरवट रंग आणि तपकिरी ठिपके मिळतेजुळते असतात. ते १२ ते १४ दिवसांत उबते, तर कावळ्याच्या अंड्याला १६-१७ दिवस लागतात. या आघाडीमुळे कोकिळेचे पिल्लू आधी भरवून घेते. ते कावळ्याची पिल्ले सहसा ढकलून देत नाही, म्हणून एकाच घरट्यात दोन्हींची पिल्ले वाढलेली दिसू शकतात.

चातक आणि पावशा यांचे यजमान वेगळे. दोघेही मुख्यतः सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात. चातक काही वेळा बुलबुलाच्याही. भारद्वाज याच कुळातला असूनही स्वतःचे मोठे, गोलसर घरटे दाट झुडपात बांधतो.

कोकिळेचे पिल्लू ‘परके’ म्हणून काढून टाकण्याची विनंती दरवर्षी कोणीतरी करते. तसे अजिबात करू नये. हे नाते फार जुने आहे, त्यात आपण न्यायाधीश होण्याचे कारण नाही.

एखाद्या झाडावर घरटे आहे हे वर न चढता कसे ओळखायचे?

पक्ष्याच्या चोचीकडे पाहा. चोचीत काडी, कोळ्याचे जाळे, सालीचा तुकडा किंवा कापूस असेल तर बांधकाम सुरू आहे. चोचीत अळी किंवा टोळ धरून पक्षी तो गिळत नसेल आणि एकाच दिशेला वारंवार जात असेल, तर पिल्ले आहेत. पांढरी, पिशवीसारखी गोळी चोचीत घेऊन बाहेर पडत असेल तर ती पिल्लांची विष्ठा. पालक ती दूर नेऊन टाकतात. खोडाखाली ताजा लाकडाचा भुसा दिसला तर वर तांबट किंवा सुतार ढोली कोरतो आहे. ढोलीच्या तोंडाखाली पांढरे ओघळ असतील तर ती वापरात आहे.

उबवणीच्या काळात मात्र सगळे शांत असते. ‘आता पक्षी दिसत नाहीत, म्हणजे घरटे रिकामे’ हा निष्कर्ष नेमका याच काळात काढला जातो आणि चुकतो.

घरटे दिसले, पण पक्षी दिसत नाही. कोणाचे असेल?

आकार, जागा आणि साहित्य या तीन गोष्टी पाहिल्या की उद्यानातली बहुतेक घरटी ओळखता येतात.

रुंद पानांच्या कडा शिवून केलेला द्रोण शिंप्याचा. कापूस, कोळ्याचे जाळे किंवा तंतू छिद्रातून ओवलेले असतात आणि आत मऊ अस्तर असते. पान जिवंत, हिरवे असते, त्यामुळे झुडपात हात घालेपर्यंत कळतच नाही.

बारीक फांदीला लोंबणारी, कचरा अडकल्यासारखी दिसणारी पिशवी शिंजिराची. बाहेरून सालीचे तुकडे, अळ्यांची विष्ठा, वाळकी पाने कोळिष्टकाने चिकटवलेली असतात. दार बाजूला असते आणि त्यावर छोटी पडवी असते. बांधणारी मादीच. माळी हे ‘जळमट’ म्हणून झाडूने काढतात, तेव्हा त्यांना हे घरटे एकदा प्रत्यक्ष दाखवाच.

झुडपाच्या बेचक्यात, साधारण एक ते तीन मीटर उंचीवर, मुळे-काड्यांची सैलसर वाटी बुलबुलाची. आडव्या बारीक फांदीवर कोळिष्टकाने लिंपलेली, गुळगुळीत, लहान वाटी नाचणाची किंवा सुभगाची. आरपार आकाश दिसेल इतक्या विरळ काड्यांचा चौथरा होल्याचा. उंच झाडावर फांदीच्या टोकाकडच्या बेचक्यातली उथळ वाटी कोतवालाची. तो कावळ्या-घारींना बेधडक हाकलतो आणि त्याच्या झाडावर होले, हळद्या हेही घर करतात.

वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला असलेले गोल, नेटके छिद्र तांबटाचे. वापरात नसलेल्या ढोल्या आणि भिंतीतली भोके दयाळ, साळुंकी, पिंगळा वापरतात. मातीच्या उभ्या कडेतले बोगदे वेडा राघू आणि खंड्या यांचे. गवतात किंवा काटेरी झुडपात चेंडूसारखा गवताचा गोळा असेल तर मुनिया.

मोठ्या झाडाच्या ढोलीचे तोंड मातीसारख्या थराने बुजलेले असेल आणि मधे फक्त उभी फट असेल, तर ते राखी धनेशाचे घरटे आहे. मादी स्वतःला आत कोंडून घेते, तिथेच तिची उडण्याची पिसे गळतात आणि नर फटीतून वड, पिंपळ, उंबराची फळे भरवतो. नर मेला तर आतले सगळे उपाशी राहतात. अशी ढोली वाळवी समजून खरवडणे किंवा सिमेंटने बुजवणे म्हणजे आख्खे कुटुंब मारणे आहे.

अंडी घातल्यापासून पिल्ले उडेपर्यंत किती दिवस लागतात?

लहान पक्षी रोज एक अंडे घालतात आणि बहुधा शेवटच्या सुमारास उबवायला बसतात. म्हणून दिवस शेवटच्या अंड्यापासून मोजावेत.

- शिंपी: ३-४ अंडी, उबवण सुमारे १२ दिवस, पिल्ले घरट्यात सुमारे १४ दिवस.
- बुलबुल: २-३ अंडी, १२ ते १४ दिवस, नंतर साधारण तेवढेच दिवस घरट्यात.
- शिंजीर: २ अंडी, १४ ते १६ दिवस, नंतर दोन आठवड्यांहून थोडे अधिक.
- होला: २ अंडी, १३ ते १५ दिवस, नंतर सुमारे दोन आठवडे.
- साळुंकी: ४-५ अंडी, साधारण दोन ते अडीच आठवडे, नंतर तीन आठवड्यांहून अधिक.
- कावळा: ३ ते ५ अंडी, १६-१७ दिवस, नंतर तीन ते चार आठवडे.
- पोपट: ३-४ अंडी, सुमारे तीन आठवडे, नंतर सहा-सात आठवडे.
- टिटवी: ४ अंडी, २८ ते ३० दिवस, पिल्ले काही तासांतच चालू लागतात.

एखादे काम पुढे ढकलायचे असेल तर हा हिशोब धरावा. बुलबुलाच्या घरट्यासाठी फार तर चार-पाच आठवडे थांबावे लागते. पोपटासाठी मात्र नऊ-दहा आठवडे आणि धनेशासाठी अडीच ते तीन महिने.

घरटे किती अंतरावरून पाहावे? छायाचित्र काढले तर चालेल का?

झाडावरच्या लहान पक्ष्यांसाठी किमान १५ मीटर, जमिनीवर अंडी घालणाऱ्यांसाठी ३० मीटर. पण खरी मोजपट्टी पक्ष्याचे वागणे आहे. पालक चोचीत अन्न घेऊन घरट्यात न जाता शेजारच्या फांदीवर घुटमळत असेल, एकसुरी तुटक ओरडत असेल किंवा तुमच्या भोवती फिरत असेल, तर तुम्ही जवळ आहात. ताबडतोब मागे जा आणि तो घरट्यात शिरेपर्यंत जातच राहा.

एप्रिल-मेच्या दुपारी हे विशेष महत्त्वाचे आहे. बाहेर ४० अंश असताना पालक अंड्यांना ऊब देत नसतो, सावली देत असतो. पंख सैल सोडून, चोच उघडी ठेवून तो उन्हात बसतो. त्याला दहा मिनिटे उठवून ठेवले तर अंड्यातला जीव उष्णतेने मरू शकतो. म्हणून घरट्याजवळ जाणे सकाळी लवकर, पाच-दहा मिनिटांपुरतेच.

छायाचित्रासाठी आडवी येणारी पाने तोडू नका, बांधू नका. तीच पाने कावळ्यापासून लपवतात आणि ऊन अडवतात. फ्लॅश नको. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणे विणीच्या काळात तर पूर्ण बंद ठेवा. नर तो घुसखोर समजून शोधत फिरतो, भरवणे थांबते. बांधकाम सुरू असताना आणि अंडी घालण्याच्या पहिल्या दिवसांत पक्षी घरटे सहज सोडून देतात, तेव्हा जवळ जाऊच नये. कावळे माणसांच्या नजरेचा माग काढतात हेही लक्षात असू द्या: चौघे जण एका झुडपाकडे बोट दाखवत उभे राहिले की कावळ्याला पत्ता मिळतो. घरट्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका.

पिल्लू खाली पडले आहे. काय करू?

आधी ते कोणत्या वयाचे आहे ते पाहा, कारण दोन्ही बाबतीत उत्तर उलटे आहे.

अंगावर पूर्ण पिसे, आखूड शेपटी, पायांवर उभे राहणारे, टुणटुण उडी मारणारे पिल्लू पडलेले नाही, ते घरट्याबाहेर आले आहे. बहुतेक पिल्ले नीट उडता येण्याआधी काही दिवस झुडपांत, जमिनीवर काढतात आणि पालक त्यांना तिथेच भरवतात. त्याला उचलू नका. रस्त्यावर किंवा मांजराच्या वाटेत असेल तर दोन्ही हातांनी उचलून १०-१५ मीटरच्या आतल्या दाट झुडपात ठेवा आणि लांब जा. उन्हाळ्यात ‘वाचवलेली’ म्हणून घरी नेलेली पिल्ले बहुतांशी याच प्रकारची असतात, आणि घरी नेल्यामुळेच मरतात.

उघडे, गुलाबी किंवा फुटणाऱ्या पिसांच्या नळ्या दिसणारे, उभे राहू न शकणारे पिल्लू मात्र घरट्यातच असायला हवे.

१. ते थंड लागत असेल तर आधी ओंजळीत धरून ऊब द्या. थंड पिल्लू चोच उघडत नाही, मग पालक त्याला भरवत नाहीत.
२. घरटे सापडले आणि हात पोचत असेल तर परत ठेवा. माणसाचा वास लागला म्हणून पालक पिल्लू टाकून देतात ही समजूत चुकीची आहे.
३. घरटे मोडले असेल तर लहान टोपली किंवा तळाला भोके पाडलेला डबा घ्या, त्यात कोरडे गवत घाला. ओले किंवा हिरवे गवत नको, ते पिल्लाची ऊब शोषून घेते. मूळ जागेच्या शक्य तितक्या जवळ, सावलीत, घट्ट बांधा.
४. १५-२० मीटरवर जाऊन दोन तास पाहा. पालक आले तर काम झाले.
५. कोणीच आले नाही किंवा पिल्लू जखमी असेल, तर हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, मऊ सुती कापडावर, अंधारात ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या वन्यप्राणी उपचार केंद्राला कळवा. टॉवेलच्या धाग्यांत नखे अडकतात, तो वापरू नका.

चोचीत पाणी सोडू नका. ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू गुदमरते. दूध, पोळी, भात यांपैकी काहीही देऊ नका. मांजराने तोंडात धरलेले पिल्लू वरून धडधाकट दिसले तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या, कारण मांजराच्या लाळेतल्या जिवाणूंमुळे ते एक-दोन दिवसांत दगावते.

एक अपवाद: लांब, कोयत्यासारखे पंख आणि अगदी आखूड पाय असलेला काळपट पक्षी जमिनीवर सापडला तर ती पाकोळी. तिला जमिनीवरून उड्डाण घेणे जड जाते. जखम नसेल तर मोकळ्या जागी तळहातावर ठेवून हात डोक्याइतका उंच करा. ती स्वतः निघेल. हवेत फेकू नका.

कावळे डोक्यावर टोचा मारत आहेत. घरटे काढून टाकता येईल का?

नाही. पिल्ले घरट्याबाहेर येण्याच्या सुमारास, साधारण एक-दोन आठवडे, हा त्रास होतो आणि मग थांबतो. त्या झाडाखालची पायवाट दोरी लावून तात्पुरती वळवा आणि पाटी लावा. कावळा पाठीमागून झडप घालतो. छत्री उघडी धरली की पुरेसे होते. दगड मारला तर कावळे चेहरा लक्षात ठेवतात आणि त्रास वाढतो.

मैदानाच्या मधोमध टिटवीने अंडी घातली आहेत. हलवायची का?

हलवू नयेत. टिटवी घरटे असे बांधत नाही, नुसता उथळ खळगा आणि भोवती खडे. अंडी मातीच्या रंगाची असतात, म्हणून धोका पायांचा आणि गवत कापण्याच्या यंत्राचा. चारही बाजूंनी पाच-पाच मीटर अंतर सोडून खुंट्या आणि सुतळी लावा. कापड, प्लास्टिक किंवा पिंजरा नको. महिनाभर तेवढा तुकडा कापू नका, तिथे पाइपने पाणी मारू नका. पाणी साचले तर अंडी वाया जातात. लंगडत, पंख ओढत तुमच्यापुढे पळणारी टिटवी जखमी नसते, ती तुम्हाला अंड्यांपासून दूर नेत असते. तिच्यामागे जा आणि मग वाट बदला. पिल्ले बाहेर आली की ती एका दिवसात तिथून हलतात.

झाडांची छाटणी कधी करावी?

पावसाळ्यापूर्वीची छाटणी म्हणून एप्रिल-मेमध्ये सरसकट फांद्या उतरवण्याची पद्धत आहे. पक्ष्यांच्या दृष्टीने याहून वाईट वेळ नाही. वादळात पडू शकणाऱ्या फांद्या मेमध्ये अचानक धोकादायक होत नाहीत. त्या ऑक्टोबरमध्येही ओळखता येतात. म्हणून पाहणी पाऊस ओसरल्यावर आणि छाटणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पूर्ण करावी. मेसाठी फक्त खरोखर तातडीच्या फांद्या उराव्यात.

तातडीची फांदी तोडावीच लागली तर सकाळी सात ते नऊच्या दरम्यान झाडाखाली २० मिनिटे शांत उभे राहा. कोणी काडी किंवा अळी घेऊन येते का, खोडाखाली भुसा आहे का, ढोलीखाली ओघळ आहेत का ते पाहा. धोका एका फांदीचा असेल तर तेवढीच तोडा, पूर्ण झाड बोडके करू नका. घरटे असलेली फांदी वाटेवर नसेल तर वर दिलेल्या दिवसांच्या हिशोबाने थांबा.

वाळक्या फांद्यांबद्दल आमचे मत ठाम आहे: जिथे खाली माणसे, बाकडी किंवा खेळणी नाहीत, तिथे त्या ठेवाव्यात. तांबटाची चोच ताज्या, कठीण लाकडात चालत नाही. त्याला मेलेली, मऊ झालेली फांदी हवी. पांगारा, शेवगा, गुलमोहर यांच्या वाळक्या फांद्या त्याला सोप्या जातात. वाटेवरची वाळकी फांदी काढतानाही शक्य असेल तर खोडालगतचा मीटरभर खुंट ठेवा. तांबट कोरतो, पुढच्या वर्षी तीच ढोली दुसरा कोणी वापरतो. वाळके लाकूड साफ केले की ढोलीत राहणाऱ्या सगळ्यांचा पुरवठाच तुटतो.

झुडपांची कुंपणे एकाच वेळी सगळी कापू नका. अर्धी या वर्षी, अर्धी पुढच्या. पालापाचोळा सगळा झाडून नेऊ नका; दयाळ आणि सातभाई पिल्लांसाठी किडे त्यातूनच उकरतात. कीटकनाशकाची फवारणी मार्च ते ऑगस्ट टाळाच. एरवी फळे-मध खाणारे पक्षीही पिल्लांना किडे-अळ्या भरवतात.

कृत्रिम घरटी लावावीत का? कशी?

ढोल्या कमी असतील तर लावावीत, पण मोजकी आणि नीट. ती फक्त ढोलीत राहणाऱ्यांच्या उपयोगाची असतात. बुलबुल, शिंजीर, होला त्यात येणार नाहीत. त्यांच्यासाठी झुडपे लावा.

चिमणीसाठी तळ आतून १२ × १२ सेंटीमीटर, उंची सुमारे २० सेंटीमीटर. दाराचे भोक ३२ मिलिमीटर, तळापासून किमान १२ सेंटीमीटर वर. भोक पाच सेंटीमीटर केले की साळुंक्या ताबा घेतात. फळी १५ ते २० मिलिमीटर जाडीची, आतून खडबडीत, म्हणजे पिल्लांना नखांनी वर चढता येते. तळाला पाणी निथळायला चार छोटी भोके, छपराखाली हवेसाठी दोन, छप्पर पुढे पाच सेंटीमीटर आलेले. आत रंग किंवा वॉर्निश नको. दाराखाली बसायची काडी लावू नका; आतल्या पक्ष्याला तिची गरज नसते, कावळ्याला मात्र ती उभे राहायला उपयोगी पडते.

अडीच ते चार मीटर उंचीवर, तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला, भिंतीला घट्ट. लोंबते, झुलते घरटे चिमणीला आवडत नाही. पत्र्याची, प्लास्टिकची आणि पातळ पुठ्ठ्याची घरटी लावूच नका: पहिली दोन मेमध्ये भट्टीसारखी तापतात, तिसरे पहिल्या पावसात गळून पडते. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, रिकामे असल्याची खात्री करून जुने गवत काढा आणि उकळते पाणी ओतून वाळवा. दोन वर्षांत कोणी आले नाही तर जागा बदला.

पाणी आणि खाणे ठेवावे का?

पाणी जरूर. पसरट मातीचे भांडे, खोली दोन ते पाच सेंटीमीटर, मधे एक खडबडीत दगड. सावलीत ठेवा. आसरा म्हणून झुडूप दोन-तीन मीटरवर असावे. अगदी खेटून असेल तर मांजर दबा धरून बसते. पाणी रोज ओतून टाका, भांडे घासा. तसे केले तर डासांच्या अळ्या वाढू शकत नाहीत आणि पक्ष्यांमध्ये रोगही पसरत नाही.

खाणे नको. धान्य टाकले की पारवे आणि कावळे वाढतात, आणि कावळे म्हणजे इतरांच्या अंड्यांवर डोळा.

घरट्यासाठी कापूस, दोरा, केस ठेवले तर मदत होईल का?

दोरा आणि लांब केस मुळीच नकोत. ते पिल्लांच्या पायाला गुंडाळतात, रक्त थांबते आणि पाय झडतो. नायलॉनचा मांजा तर दिसेल तिथून काढून टाका. ठेवायचेच असेल तर नारळाच्या काथ्याचे बोटभर तुकडे आणि वाळके गवत. कोळ्यांची जाळी न झाडणे ही याहून मोठी मदत आहे.

घरट्यातली अंडी अचानक नाहीशी झाली. आम्ही कुठे चुकलो?

बहुधा कुठेच नाही. कावळा, भारद्वाज, टकाचोर, खार, सरडा, साप, मांजर हे सगळे अंडी-पिल्ले खातात आणि उघड्या वाटीतली बरीच घरटी अशीच जातात. जोडी एक-दोन आठवड्यांत दुसरीकडे नवे घरटे सुरू करते. त्यातले माणसाच्या हातात असलेले एकच: मोकाट मांजरांना उद्यानात खाऊ घालू नये. नैसर्गिक शिकारी वाढले तर अन्न कमी पडून आपोआप कमी होतात, आयते खाणारे मांजर मात्र पोट भरलेले असूनही शिकार करते.

घरटे काढणे कायद्याने गुन्हा आहे का?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे आणि अंडी किंवा घरटी विस्कटणे येते. पोपटाची पिल्ले काढून पाळणे, विकणे हेही बेकायदा आहे. झाडतोडीसाठी महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. परवानगी मिळाली तरी झाडावर वापरातले घरटे असेल तर ते लेखी कळवा, छायाचित्र आणि तारीख जोडा.

नोंदी कशा ठेवाव्यात?

तारीख, वेळ, जात, झाडाचे नाव, जमिनीपासून अंदाजे उंची आणि पक्षी काय करत होता. शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची, कारण ‘बुलबुल दिसला’ यातून वीण कळत नाही, ‘बुलबुल चोचीत अळी घेऊन कण्हेरीत शिरला’ यातून कळते. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना विणीच्या वर्तनाचे संकेत निवडता येतात: घरट्याचे साहित्य नेणे, पिल्लांसाठी अन्न नेणे, नुकतेच उडालेले पिल्लू वगैरे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी फिरा. रोज कुठेही फिरून केलेल्या नोंदींपेक्षा अशा नोंदींची वर्षावर्षांत तुलना करता येते. अंडी मोजण्यासाठी घरट्यात डोकावण्याची गरज नाही.

वीण संपल्यावर रिकामे घरटे घरी नेले तर?

नेऊ नये. तांबटाची ढोली पुन्हा वापरात येते, कावळ्याच्या जुन्या घरट्याच्या काड्या दुसरे पक्षी उचलून नेतात आणि सोडलेल्या सुगरणीच्या घरट्यांत मुनिया झोपायला येतात. रिकामे वाटणारे घरटे कधीकधी दुसऱ्या विणीसाठीही वापरले जाते. शाळेत दाखवण्यासाठी हवे असेल तर वाऱ्याने गळून जमिनीवर पडलेले, आत अंडे नसलेले सुगरणीचे घरटे घ्या, दोन दिवस कडक उन्हात ठेवा, म्हणजे त्यातल्या पिसवा आणि माइट मरतात, आणि मगच मुलांच्या हातात द्या.